४१७ क्रमांकाची स्लीव्ह

हे २०३६ सालचं. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या पंचधारा पंप्स या कारखान्यातून मला निवृत्त होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी एका सरळ माणसावर दुसऱ्यांदा खोटा आळ घेतला. पहिल्यांदा घेतला तेव्हा मी नुसती गप्प बसले होते. दुसऱ्यांदा बोलले.

गप्प बसले ते साल १९९९. ड्रॉइंग ऑफिसात आम्ही चौघं होतो. मुख्य ड्राफ्ट्समन रामलिंग तोडकर, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो; जोगळेकर; इब्राहिम मुजावर; आणि मी, मालन मगदूम, कारखान्यातली एकुलती एक बाई. मी लागले तेव्हा ड्रॉइंग बोर्डावर व्हायची. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ, चुकली की दाढीच्या पात्यानं हलक्या हातानं खरवडायची. निळ्या प्रिंट काढायच्या मशीनचा अमोनिया डोळ्यांत जायचा आणि आम्ही चौघंही सकाळी दहालाच रडवेले दिसायचो. मी डावखुरी. डाव्या हातानं डावीकडून उजवीकडे रेघा मारत गेलं की ओली शाई मनगटाला लागून पसरते, म्हणून अण्णांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं, "मालन, तू आपली उजवीकडून सुरू कर आणि डावीकडे ये. कागदाला काही फरक पडत नाही." पुढं कॉम्प्युटर आला, शाई गेली, पण माझं उजवीकडून येणं तसंच राहिलं.

कंपनीनं कॅडचं, म्हणजे ड्रॉइंग काढायचं, सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरपुरतं घेतलं होतं. आम्ही चौघं पाळीपाळीनं बसायचो, आणि सगळे अण्णांच्याच लॉगिननं. पासवर्ड कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलेला होता. हवं तर याला गलथानपणा म्हणा. आमच्यात कुणाला कुणापासून काही लपवायचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावत होतो.

त्या कॉम्प्युटरात सुट्या भागांची सामाईक लायब्ररी होती. एखादा भाग एकदाच काढायचा, त्याला क्रमांक द्यायचा, आणि ज्या ज्या पंपात तो लागतो तिथं फक्त क्रमांक जोडायचा. मूळ भाग बदलला की सगळ्या पंपांत आपोआप बदलतो. सोय मोठी, आणि धोकाही तोच. म्हणून नियम होता की माप बदलायचं तर नवा क्रमांक घ्यायचा, जुन्याला हात लावायचा नाही.

४१७ ही स्लीव्ह. पंपाच्या दांड्यावर चढवायची पोकळ नळी, बासष्ट मिलिमीटर लांबीची. एका लहान पंपाला ती एकोणसाठची हवी होती. शनिवार होता, पावणेपाचला वीज जायची. मी ४१७ उघडली, अर्धी पुसली, आखूड करून पुन्हा काढली, प्रिंट दिली. ४१८ नावानं साठवायची होती. मी नुसतंच साठवलं.

मोठ्या पंपालाही ४१७च लागायची. पुढच्या तीन महिन्यांत त्यालाही आखूड स्लीव्ह गेली. नट आटे संपेपर्यंत फिरून घट्ट बसल्यासारखा वाटायचा, पण आतलं पाणी फेकणारं चाक मात्र ढिलं. कृष्णाकाठच्या एका उपसा योजनेवर त्यातला एक पंप चालता चालता फुटला. बिडाचा तुकडा ऑपरेटर बाळू ऐवळे यांच्या पायावर आला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशीत कॉम्प्युटरनं सांगितलं, बदल केला तोडकर यांनी. अण्णा उभे राहून म्हणाले, "मी केलेला नाही. ज्यानं केला त्यानं सांगावं." तिघांकडे एकेक करून पाहिलं. मुजावर म्हणाला, मी सुट्टीवर होतो. जोगळेकरांनी मान खाली घातली. मी समोरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. घरी दोन लहान मुलं होती, पुढं कुठल्या बाईला तिथं कामावर घेतलं नसतं, ही कारणं मी नंतर शोधली. त्या दिवशी माझ्याकडं फक्त भीती होती.

अण्णांना काढलं. त्यांच्या खुर्चीवर पुढची चोवीस वर्षं मी बसले, पण स्वतः रेघ काढली नाही; पोरांनी काढलेलं तपासलं.

०

२०३६ च्या जानेवारीत कौस्तुभ घाटगे यांचा फोन आला. हे कारखान्याचे नवे व्यवस्थापक, वय असेल पस्तीस.

"मॅडम, आपली सगळी जुनी लायब्ररी नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची आहे. एक्केचाळीस हजार भाग. सगळं मशीनच करतंय, पण एका ठिकाणी माणूस लागतोय. आणि त्या काळातलं तुमच्याशिवाय हाताशी कुणी नाही."

जोगळेकर आणि मुजावर केव्हाच गेले होते. अण्णा होते, पण त्यांना बोलवायची घाटग्यांची हिंमत नव्हती. मला जायचं नव्हतं. न गेले तर माझ्या माघारी काय निघेल, या धास्तीनं गेले.

ड्रॉइंग ऑफिसच्या जागी काचेची खोली होती. आत चाळिशीतली एक बाई, केस आखूड, चेहरा ओळखीचा. घाटगे चहा सांगायला बाहेर गेले तशी ती म्हणाली, "ओळखलं नाही मावशी? मी गिरिजा. शनिवारी शाळा सुटली की तुमच्या डब्यातली धपाटी खायला यायचे."

"तोडकरांची?"

"हो, तोडकरांची. पुण्यात असते, हे सॉफ्टवेअर ज्यांचं आहे त्यांच्याकडे. हे काम मी मागून घेतलंय. घाटग्यांना ठाऊक नाही. सांगायचं असेल तर खुशाल सांगा."

"मी कशाला सांगू?"

"तेच म्हणते. चुगल्या न करणारी माणसं होती ना इथली. चौकशीच्या दिवशी कुणीच काही बोललं नव्हतं."

सॉफ्टवेअरचं नाव मूलरेखा. पहिल्या दिवसापासून मला ते आवडलं नाही, पण त्यानं काय केलं ते नीट सांगते. आमच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये भोक म्हणजे नुसतं वर्तुळ. ते बोल्टसाठी आहे की तेल जायला, हे काढणाऱ्याच्या डोक्यात असायचं. नव्या कॅडला नुसत्या रेघा चालत नाहीत. प्रत्येक माप का आहे ते त्याला हवं असतं, म्हणजे उद्या पंप मोठा केला तर काय बदलायचं आणि काय नाही, हे त्याचं तो ठरवतो. आता हे 'का' चाळीस वर्षांपूर्वीच्या रेघांतून काढायचं कसं?

मूलरेखानं त्यावर उपाय शोधला होता. कॅडमध्ये काढलेल्या प्रत्येक रेघेला जन्मतः एक आकडा मिळतो, आधीच्यापेक्षा मोठा. रेघ पुसली तर तो आकडा पुन्हा कुणाला मिळत नाही, मध्ये गाळा राहतो. म्हणजे कुठली रेघ आधी आली, कुठली नंतर, कुठं काय पुसलं, हे सगळं फाइलीत पडलेलंच असतं. एवढी वर्षं ते कुणी वाचलं नव्हतं. मूलरेखा ते वाचून ड्रॉइंग पहिल्या रेघेपासून पुन्हा काढून दाखवायची, आणि कशावरून काय काढलं हे पाहून हेतू ओळखायची.

आणि हेतू शोधता शोधता तिला माणसं सापडली. कुणी आधी मध्यरेषा काढतो, कुणी आधी बाहेरची चौकट. कुणी अर्धं काढून आरशासारखं उलटवतो. हजारो ड्रॉइंगांत या सवयी बदलत नाहीत. तिनं आमची लायब्ररी चाळून सांगितलं होतं की लॉगिन एक असलं तरी हात चार आहेत. अ, ब, क आणि ड.

"नवा नियम असा आहे," घाटगे म्हणाले, "की सरकारी योजनेच्या पंपात प्रत्येक भागाला जबाबदार माणसाचं नाव हवं. नाव नसलेला भाग नव्या लायब्ररीत शिरतच नाही. मशीननं हात वेगळे केलेत. नावं तुम्ही सांगायची, सही करायची, झालं."

"आणि नाव मिळालं की?"

गिरिजानं उत्तर दिलं. "की त्या हाताचं सगळं काम एकत्र तोललं जातं. ज्या हातानं एकदा मोठी चूक केली, त्याचे सगळे भाग लाल. ते पुन्हा तपासायचे. ही नावं सामाईक साठ्यात जातात. दुसरे कारखानेही आपापल्या लायब्रऱ्या त्याच साठ्यात टाकतायत."

तिनं पहिलं ड्रॉइंग लावलं. पडदा पांढरा. मग एक आडवी मध्यरेषा आली, थांबली, तिच्यावर वरचा अर्धा भाग चढत गेला. एकही रेघ वाया नाही. अण्णा बसलेत आणि मी मागं उभी राहून बघतेय, असंच वाटलं.

"हा ब," गिरिजा म्हणाली. "कोण?"

मी म्हटलं, "सगळे बघू दे आधी."

अ म्हणजे जोगळेकर. तीन रेघा काढून दोन पुसणारे. ड म्हणजे मुजावर, आधी चौकट आणि नावाचा रकाना भरणारा. ही दोन नावं मी खरी सांगितली.

मग तिनं ४१७ लावली. हे ती ठरवूनच आली होती. नळी पडद्यावर आली. पुढच्या आकड्यांत मोठा गाळा. अर्धी पुसली गेली. आणि उजव्या टोकाकडून एक रेघ डावीकडे चालत आली, मग दुसरी. सदतीस वर्षांपूर्वीची मी, वीज जायच्या आत घाईनं.

"हा क," गिरिजा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "उजवीकडून येतो. माझे बाबा डावखुरे नाहीत, मावशी."

त्या दिवसांत मी डावा हात मांडीवर ठेवत होते. चहा उजव्या हातानं घेऊन दोनदा पदरावर सांडला होता.

"डावखुरेपणाचा काय संबंध?" मी म्हटलं. "मोटार जोडायचं टोक कागदावर उजवीकडं असतं. अण्णा तिथून मापं धरायचे. क म्हणजे तोडकर. ब माझा हात."

"नक्की?"

"बारा वर्षं शेजारी बसले मी त्यांच्या."

घाटगे खूश झाले. "म्हणजे ती जुनी भानगडही मिटली. चौकशीत निघालं होतं तेच मशीननं काढलं." मी उजव्या हातानं वेडीवाकडी सही केली. म्हटलं, सांधे धरलेत.

गिरिजानं लॅपटॉप मिटला. "मला वाटलं होतं..." एवढंच म्हणाली. मग, "थँक यू मावशी."

पोरीचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिते. वडिलांना बसवून रेघा काढून घ्यायची सोय तिला नव्हती; अण्णांचे हात कंपवातानं थरथरत होते. पडताळा घ्यायला जगात काही उरलं नाही, असा माझा हिशेब होता.

०

बरोबर सव्वीस दिवसांनी, सकाळी अकराला, ती माझ्या घरी आली. दार माझ्या मुलानं, अभिनंदननं उघडलं. ती चपला न काढता उंबऱ्यात उभी राहिली.

"मगदूमबाई, २००८ साली तुम्ही मिरजेच्या सिद्धाई इंजिनिअरिंगमध्ये कामाला होतात?"

मावशी संपली होती. "नाही," मी म्हटलं.

"आई पंचधारातच होती सबंध नोकरी," अभिनंदन म्हणाला. "काय झालंय?"

"सिद्धाईनं गेल्या आठवड्यात त्यांची लायब्ररी सामाईक साठ्यात टाकली. त्यातली सहाशे बारा ड्रॉइंगं मालन मगदूम यांच्या हातची आहेत, असं मूलरेखा सांगते. तिथं ड्रॉइंगला एकच माणूस होता. इथनं हाकलल्यावर अकरा वर्षं तो पत्र्याच्या शेडमध्ये एकटा बसून रेघा काढत होता. माझा बाप."

मी म्हटलं, "मशीन चुकलं असेल."

"मशीन चुकलेलं नाही. मशीनला नाव तुम्ही सांगितलंत."

अभिनंदन माझ्याकडं वळला. "आई, ही काय म्हणतेय?"

मी बोलले नाही. त्याला तेवढ्यानंच कळलं. तो गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"तुम्हाला माहितीये मी बाबांच्या घरी जाऊन काय केलं?" गिरिजा म्हणाली. "सह्या झाल्या त्या दिवशी? लहानपणापासून मी सांगत आले की माझ्या बाबांनी नाही केलं. शाळेत मारामाऱ्या केल्या. आणि त्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहून ओरडले, आता तरी कबूल करा, मरायच्या आधी एकदा तरी खरं बोला. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. तेव्हापासून माझ्याशी शब्द नाही. मी वाढलेलं खात नाहीत, शेजारणीकडून डबा येतो."

"मी घाटग्यांना पत्र देते. सही बदलून देते."

"ते तर देणारच आहात. आधी गाडीत बसा. मी सांगून ते ऐकत नाहीत. तुम्ही सांगायचं."

०

अण्णा मालगावात राहत होते, दोन खोल्यांत. बाजेवर बसले होते. हात मांडीवर ठेवलेले, तरी बोटं चालूच. मला पाहून त्यांना आनंद झाला. तोच मला सहन झाला नाही.

"मालन? ये, ये. म्हातारी झालीस की गं. पोरीनं आणलं व्हय? बघ, माझी लेकसुद्धा म्हणते मीच केलं. तू तर होतीस तिथं. सांग हिला."

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "अण्णा, ४१७ मी बदलली होती."

त्यांना ऐकू नीट येत होतं, तरी ते म्हणाले, "काय?"

"शनिवारी. नवा नंबर द्यायला विसरले. चौकशीत बोलले नाही. आणि आता यांच्या मशीनला सांगताना माझा हात तुमचा म्हणून सांगितला."

राग येईल, शिव्या देतील, म्हणून मी थांबले. त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"म्हणजे जोगळेकर नव्हता?"

"नाही."

"त्यानं मान खाली घातली होती. मी सगळ्यांच्या डोळ्यांत बघितलं. तू सरळ होतीस, मुजावर सरळ होता, त्यानं एकट्यानं मान घातली. मी म्हटलं, हाच." त्यांचे हात आता जोरात हलत होते. "माझा दोस्त होता गं तो. एकाच आयटीआयला होतो. तीन वेळा घरी आला माझ्या. तिन्ही वेळा मी उंबऱ्यातनं हाकलला. शेवटच्या वेळी म्हटलं, तुझं मढं जाईल तेव्हा खांदा द्यायला बी येणार नाही. आणि न्हाई गेलो. वीस पावलांवर चहा पीत बसलो होतो, तिरडी समोरनं गेली."

इथं मला पुन्हा गप्प बसता आलं असतं. गिरिजालाही यापुढचं ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. मूलरेखालाही ते कुठल्या रेघेत सापडलं नसतं. पण त्यांची बोटं पाहवेनात.

"अण्णा, जोगळेकरांना ठाऊक होतं. त्या शनिवारी छत्री विसरली म्हणून ते परत आले होते, मला मशीनवर बघितलं होतं त्यांनी. चौकशीच्या सकाळी मला म्हणाले, 'तू स्वतः सांग. मी बाईमाणसाचं नाव घेणार नाही, पण तू सांग.' म्हणून त्यांनी मान खाली घातली. माझी वाट बघत होते."

"आणि माझ्या घरी यायचा तो?"

"माहीत नाही. सांगायलाच येत असतील. माझ्याकडंही यायचे. दर दिवाळीला. फराळाला हात लावायचे नाहीत. 'सांगितलंस का?' एवढंच विचारून जायचे."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. "नोकरी गेली ती गेली. शेडमध्ये बसलो, पोर शिकवली, झालं. पण तू माझा माणूस नेलास मालन." मग डोळे न उघडताच म्हणाले, "गिरिजा, हिला बाहेर ने. पाणी विचारू नको."

पाणी न विचारता आमच्या भागात कुणाला घालवत नाहीत. मी निघाले. गिरिजानं मला गाडीतही घेतलं नाही. बस मिळेपर्यंत फाट्यावर उभी राहिले.

०

घाटग्यांना पत्र दिलं तेव्हा ते चिडले. "मॅडम, लायब्ररी बंद झालीय, पुढं गेलीय. आता नावं उलटवायची म्हणजे अठरा हजार भाग पुन्हा उघडायचे. कुणासाठी? जुनं कशाला उकरता?" गिरिजानं ते स्वतः उघडले. माझे सगळे भाग लाल झाले, अण्णांचे हिरवे. लाल भागांच्या तपासणीत आणखी दोन चुका निघाल्या, दोन्ही माझ्याच. घाटगे पुढच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीत गेले.

मूलरेखा देशभर पसरली. हात ओळखला जातो हे कळल्यावर नव्या पोरांनी हातानं रेघ काढणंच सोडलं. मशीनला सांगायचं, मशीननं काढायचं, म्हणजे चूक कुणाचीच नाही. निवृत्त ड्राफ्ट्समनना नोटिसा गेल्या. काहींचे डाग निघाले, काहींना नवे लागले.

बाळू ऐवळे २०२१ मध्येच वारले होते. त्यांच्या मुलाला मी लिहिलं. उत्तर आलं नाही.

गिरिजा पुण्यातली नोकरी सोडून मालगावात राहिली. अण्णा तिच्या हातचं जेवू लागले, पण तिनं ओरडून म्हटलेलं विसरले नाहीत, असं ऐकते. अभिनंदन माझ्याशी गरजेपुरतं बोलतो. औषधं वेळेवर आणून देतो.

२०३७ च्या उन्हाळ्यात अण्णा गिरिजाचा हात धरून सांगलीला जोगळेकरांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं, आत घेतलं, आणि जोगळेकरांच्या फोटोसमोर त्यांना तासभर एकट्याला बसू दिलं. त्यानंतर ते आठ महिने जगले. गेले तेव्हा मला कुणी कळवलं नाही. पेपरात वाचलं.

वहिनी अजून आहेत, नव्वदीला आल्या. माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. अण्णांनी त्यांना माझं नाव सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी अजून गेलेले नाही.